दस्तऐवजीकरण, स्वयंचलित व्हिडिओ संकलन साधनांचे

व्हिडिओचे संकलन करणाऱ्या संगणकीय साधनांची कार्ये, त्यांना द्यावयाच्या आज्ञा, कालमापनाची एकके, गृहीत मूल्ये, परिणाम आणि मर्यादा यांची कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटास वापरता येईल अशी लेखी मांडणी. एजंट म्हणजे दिलेले उद्दिष्ट समजावून घेऊन कामाचे टप्पे स्वतः ठरविणारी, त्यासाठी निरनिराळ्या साधनांना आज्ञा देणारी आणि त्यांच्याकडून आलेले उत्तर वाचून पुढचे पाऊल टाकणारी आज्ञावली. विपुल मजकुरावर प्रशिक्षित केलेले भाषिक प्रतिमान हा तिचा गाभा असतो. अशा एजंटाकडे चित्रणातील निवडक भाग कापणे, तुकडे जोडणे, आवाजाची पातळी सारखी करणे, उपशीर्षके बसविणे यांसारखी कामे सोपविण्याची पद्धत २०२३ नंतर वाढत गेली. तिच्याबरोबरच, मानवी वाचकासाठी लिहिलेल्या वापरपुस्तिका या नव्या वाचकास पुरेशा आहेत का, हा प्रश्न पुढे आला.

मानवी वाचकाच्या पुस्तिकेत पुष्कळ गोष्टी अध्याहृत राहतात आणि तसे चालूनही जाते. संकलकाच्या समोर पडदा असतो. छेद चार चौकटी उशिरा पडला, तर तो मागे येऊन दुरुस्त करतो. ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटला, तर त्याला ते लगेच जाणवते. एजंट मात्र बहुधा मजकुराच्या रूपाने आज्ञा पाठवितो आणि मजकुराच्याच रूपाने उत्तर मिळवितो. चित्रे पाहू शकणारी प्रतिमाने आता उपलब्ध आहेत. तथापि सेकंदाला २५ चौकटी या गतीने तासाभराच्या चित्रणात ९०,००० चौकटी भरतात व त्यांतील थोड्याच तपासल्या जातात. पुस्तिकेत जे सांगितलेले नाही, ते एजंट अनुमानाने भरून काढतो आणि ते अनुमान माहीत असलेल्या गोष्टीइतक्याच ठामपणे वापरतो. चूक उघडकीस येते ती बहुतेक वेळा काम संपल्यावर, कधीकधी मूळ चित्रण पुसले गेल्यावर.

पूर्वपीठिका : आज्ञांच्या साहाय्याने चालणाऱ्या साधनांची पुस्तिका ठराविक साच्यात लिहिण्याची प्रथा यूनिक्स या संगणक प्रणालीमुळे रूढ झाली. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तयार केलेली तिची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. प्रत्येक आज्ञेचे नाव, तिची रचना, वर्णन, संबंधित फाइली आणि पुढे ज्ञात दोष असा तिचा क्रम होता. स्वतःच्या कृतीतील दोष पुस्तिकेतच नमूद करण्याचा हा प्रामाणिकपणा पुढील काळात अनेक उत्पादकांनी सोडून दिला. एजंटांच्या दृष्टीने पाहता तोच भाग सर्वांत मोलाचा ठरतो.

व्हिडिओ संकलनाच्या क्षेत्रात यंत्राने वाचावयाच्या दस्तऐवजाची परंपरा जवळपास तितकीच जुनी आहे. अमेरिकेतील सीबीएस आणि मेमोरेक्स या कंपन्यांच्या संयुक्त उपक्रमातून १९७१ साली ‘सीएमएक्स ६००’ ही संगणकाधारित संकलन यंत्रणा तयार झाली. त्याच कुळातील ‘सीएमएक्स ३६००’ या यंत्रणेमुळे रूढ झालेला संकलन-निर्णय सूचीचा नमुना आजही वापरात आहे. त्यात प्रत्येक ओळीवर घटनेचा तीन अंकी क्रमांक, फितीचे नाव, चित्र की ध्वनी याची खूण, छेद किंवा विलय यांपैकी संक्रमणाचा प्रकार आणि त्यानंतर चार कालनोंदी असतात : मूळ फितीवरील आरंभ व शेवट, तसेच तयार फितीवरील आरंभ व शेवट. कोणीही संकलक ती वाचू शकतो आणि यंत्रही तिच्याबरहुकूम चालते. तिच्या मर्यादाही तिच्या रचनेतच आहेत. तीन अंकांमुळे घटना ९९९ पर्यंतच मोजता येतात आणि फितीच्या नावाला आठ अक्षरांचीच जागा असते. आजच्या लांबलचक फाइलनावांची पहिली आठ अक्षरे सारखी असली, की दोन वेगळी चित्रणे सूचीत एकाच नावाने येतात. पुस्तिकेत याचा उल्लेख नसेल, तर एजंटास तसा संशय येण्याचे कारण नाही.

कालमापन : या विषयातील सर्वाधिक चुका काळ मोजण्याच्या पद्धतींतून उद्‌भवतात, म्हणून दस्तऐवजाचा हा भाग विशेष काळजीने लिहावा लागतो. भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चौकटी ही पद्धत असल्याने येथे टाइमकोड आणि घड्याळ यांचा मेळ सहज बसतो. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाची पद्धत स्वीकारताना गती ३० वरून किंचित कमी करण्यात आली; ती ३०,००० भागिले १,००१, म्हणजे सुमारे २९.९७ चौकटी इतकी आहे. चौकटी ३० च्या हिशेबाने मोजत गेल्यास तासाभरात टाइमकोड घड्याळापेक्षा ३.६ सेकंदांनी मागे पडतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक मिनिटाच्या आरंभीचे दोन क्रमांक गाळतात. मात्र दर दहाव्या मिनिटाला ते ठेवतात. अशा रीतीने तासात १०८ क्रमांक गळतात. चित्रातील एकही चौकट वगळली जात नाही, केवळ तिचा क्रमांक बदलतो. नवशिक्या संकलकाची येथे नेहमी गफलत होते आणि इंग्रजीतील ‘ड्रॉप फ्रेम’ हे नावच त्याला जबाबदार आहे. या पद्धतीत पहिल्या मिनिटाच्या आरंभीचे ००:०१:००;०० हे स्थान अस्तित्वातच नसते. एजंट साध्या बेरजेने ते तयार करू शकतो. मग एखादे साधन ते नाकारते, तर दुसरे मुकाट्याने पुढची किंवा मागची चौकट धरते. आपले साधन यांपैकी काय करते, हे पुस्तिकेत लिहिलेले असले पाहिजे.

शेवटाची चौकट मोजणीत धरावयाची की नाही, हा दुसरा प्रश्न. दहाव्या चौकटीपासून विसाव्या चौकटीपर्यंत असे म्हटले, तर तुकड्यात अकरा चौकटी येतात की दहा? एका छेदात हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. शंभर छेदांनंतर चित्र आणि ध्वनी यांत चार सेकंदांचे अंतर पडू शकते. पिक्सार या चित्रपटनिर्मिती संस्थेत विकसित झालेल्या आणि पुढे सर्वांसाठी खुल्या केलेल्या ‘ओपनटाइमलाइनआयओ’ या प्रणालीत शेवटाची चौकट धरणारे व न धरणारे असे दोन स्वतंत्र विधी स्पष्ट नावांनी दिलेले आहेत. काळ केवळ एका अंकाने न दर्शविता मूल्य आणि गती या जोडीने दर्शविण्याचा नियमही तीत आहे. ॲपलच्या ‘फायनल कट प्रो’ची देवाणघेवाण फाइल काळ अपूर्णांकाच्या रूपात लिहिते, त्यामुळे २९.९७ सारखे पूर्णांकित आकडे वापरल्याने साचत जाणारी चूक टळते. नावातच एकक व अर्थ सांगणे ही पद्धत एजंटांस फार उपयोगी पडते. नुसता ‘आरंभ’ असा पर्याय ठेवण्यापेक्षा ‘आरंभ-सेकंद’ किंवा ‘आरंभ-चौकट’ असा ठेवला, की अर्धे स्पष्टीकरण वाचते.

एफएफएमपेगचे उदाहरण : फाब्रिस बेलार यांनी २००० साली आरंभिलेली ‘एफएफएमपेग’ ही मुक्त आज्ञावली स्वयंचलित संकलनाचा कणा मानली जाते. व्हिडिओ हाताळणारी इतर अनेक साधने आतून तिचाच वापर करतात. तिची पुस्तिका विस्तृत व बव्हंशी अचूक आहे. पण ती जाणकारासाठी लिहिलेली असल्याने पुढील अडचणींवरून दस्तऐवजीकरणाचा प्रश्न नीट समजतो.

या आज्ञावलीत पर्यायांच्या क्रमाला अर्थ असतो. प्रत्येक पर्याय त्याच्या पुढे येणाऱ्या फाइलीस लागू पडतो. ‘एसएस’ हा आरंभस्थान दर्शविणारा पर्याय मूळ फाइलीच्या आधी लिहिला, तर आज्ञावली थेट त्या स्थानाजवळ उडी घेते. नंतर लिहिला, तर आरंभापासून सर्व चित्रण उलगडत जाऊन नको असलेला भाग टाकून देते. पहिली पद्धत जलद व दुसरी संथ, एवढे बहुतेक लेखांत सांगितलेले असते. परंतु चित्रणाचे पुनःसंकेतन न करता ते जसेच्या तसे उतरवून घ्यावयाचे असेल, तर आणखी एक बाब आड येते. संक्षेपित व्हिडिओत सर्व चौकटी पूर्ण साठविलेल्या नसतात; कीफ्रेम तेवढी पूर्ण असते आणि मधल्या चौकटी शेजारच्या चौकटींशी असलेल्या फरकाच्या रूपात असतात. त्यामुळे उतरवून घेतलेला तुकडा मागच्या कीफ्रेमपासून सुरू होतो. ‘एक्स२६४’ या प्रचलित संकेतकात दोन कीफ्रेममधील कमाल अंतर, वेगळे न सांगितल्यास, २५० चौकटींचे असते; सेकंदाला २५ चौकटी या गतीने ते दहा सेकंद होते. मुलाखतीतील एका वाक्यापासून तुकडा हवा असताना त्याआधीची आठ सेकंदे, प्रश्नकर्त्याच्या खासगी शेऱ्यासह, बाहेर जाऊ शकतात. आज्ञा यशस्वी झालेली असते, फाइल तयार असते आणि तिची लांबी मागितलेल्या लांबीच्या जवळपास असते. एजंटासाठी लिहिलेल्या दस्तऐवजात ‘ही पद्धत जलद आहे’ या वाक्याला लागूनच ‘छेद कीफ्रेमवरच पडतो, अचूक छेद हवा असल्यास पुनःसंकेतन करावे’ हे वाक्य यावयास हवे. ते दहा पाने पुढे असून भागत नाही.

तुकडे जोडण्याच्या बाबतीत एकाच नावाचा घोटाळा आढळतो. याच आज्ञावलीत ‘कॉनकॅट’ या नावाने तीन वेगळ्या सोयी आहेत. एक सोय यादीतील फाइली पुनःसंकेतनाशिवाय जोडते व त्यासाठी सर्व फाइलींची घडण सारखी असावी लागते. दुसरी सोय चित्रे उलगडून नव्याने संकेतन करते. तिसरी फाइलींचे बाइट नुसते एकापुढे एक ठेवते आणि म्हणून काही मोजक्या फाइलप्रकारांनाच चालते. शिकवणुकीच्या मजकुरातून तिन्हींची उदाहरणे सरमिसळ होऊन आलेली असल्याने एजंट एकीची रचना व दुसरीचे पर्याय एकत्र करतो. कोणत्या परिस्थितीत कोणती निवडावी आणि कोणती निवडू नये, असे दोन्ही बाजूंनी लिहिल्यासच हा गोंधळ थांबतो.

गृहीत मूल्यांचेही तसेच. आवाजाची पातळी समान करणाऱ्या ‘लाउडनॉर्म’ या गाळणीचे गृहीत लक्ष्य उणे २४ आहे, तर यूरोपीय प्रक्षेपण संघाची शिफारस उणे २३ ची. एका अंकाचा हा फरक ऐकताना सहजी लक्षात येत नाही. मात्र प्रक्षेपणपूर्व तपासणीत तो पकडला जातो. शिवाय आवाजाची खरी शिखरे मोजण्यासाठी ही गाळणी ध्वनीची नमुनागती १९२ किलोहर्ट्‌झपर्यंत वाढविते. ती पुन्हा ४८ किलोहर्ट्‌झवर आणण्याची आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. न मागता घडणारे असे परिणाम पुस्तिकेत स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक असते.

यश आणि अपयश : संगणकीय साधन काम संपताना एक निर्गमसंकेत देते; शून्य म्हणजे यश, असा सर्वसाधारण रिवाज आहे. एजंट त्यावर फार विसंबून असतो. एफएफएमपेगमध्ये चौकटी उलगडताना आलेल्या चुकांचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून अधिक झाले, तरच त्या कारणास्तव वेगळा संकेत, म्हणजे ६९, दिला जातो. ही मर्यादा बदलता येते, पण गृहीत मूल्य तेच आहे. म्हणजे निम्मे चित्रण सदोष असूनही शून्य मिळू शकते. म्हणून चांगल्या दस्तऐवजात प्रत्येक आज्ञेबरोबर पडताळणीची आज्ञाही देतात : तयार फाइलीची लांबी, चौकटींची संख्या, चित्र व ध्वनी यांच्या लांबीतील फरक. एफएफएमपेगसोबत येणारे ‘एफएफप्रोब’ हे साधन ही माहिती सुघड मजकुराच्या रूपात देते आणि ती एजंटाला सहज वाचता येते.

याच्या उलट टोकाचा दोष म्हणजे आज्ञावलीने प्रश्न विचारून थांबणे. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर एफएफएमपेग ती पुसावी का असे विचारते. उत्तर देण्यास समोर कोणी नसल्यास काम खोळंबते किंवा सोडून दिले जाते. या अडचणीवर ‘होय’ असे आगाऊ उत्तर देणारा पर्याय सर्रास सुचविला जातो. तो धोक्याचा आहे. कॅमेरे फाइलींना क्रमांकाने नावे देतात आणि नवे कार्ड घातल्यावर क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो, त्यामुळे दोन दिवसांच्या चित्रणात एकाच नावाच्या फाइली असणे ही नित्याची गोष्ट आहे. लग्नसमारंभ, वृद्ध कलावंताची मुलाखत किंवा पाडण्यापूर्वी चित्रित केलेला वाडा यांचे चित्रण पुन्हा करता येत नाही. मूळ चित्रणाचा संग्रह केवळ वाचनासाठी खुला ठेवावा आणि तयार फाइली वेगळ्या जागी लिहाव्यात, हा नियम दस्तऐवजाच्या आरंभीच द्यावा लागतो.

देवनागरी उपशीर्षके : चित्रावर मराठी मजकूर उमटविताना निराळीच अडचण येते. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर असला, तरी लेखनात त्याच्या आधी दिसतो. जोडाक्षरांत व्यंजनांची रूपे बदलतात. हे घडवून आणण्यासाठी अक्षरजुळणी करणारा स्वतंत्र घटक लागतो. ‘हार्फबझ’ हा त्यांतील सर्वपरिचित होय. एफएफएमपेगच्या उपशीर्षक गाळणीत साधी आणि संमिश्र अशा दोन जुळण्या आहेत. साध्या जुळणीत, किंवा हा घटक वगळून आज्ञावली बांधलेली असल्यास, ‘विठ्ठल’ या शब्दातील वेलांटी भलत्या जागी पडते आणि ‘ठ्ठ’चे तुकडे होतात. रोमन लिपीत हा प्रश्न उद्‌भवत नसल्याने इंग्रजी पुस्तिकांतून त्याचा उल्लेख क्वचितच असतो, आणि निर्गमसंकेत येथेही शून्यच मिळतो. मराठी, हिंदी किंवा कोकणी मजकुरासाठी संमिश्र जुळणी, देवनागरी असलेला टंक आणि उमटलेली एक चौकट प्रतिमा म्हणून तपासून पाहणे, या तीन गोष्टी दस्तऐवजात नमूद असाव्या लागतात.

रचना व आवृत्ती : साधनांचे वर्णन एजंटापर्यंत पोहोचविण्याचे अनेक प्रमाणित साचे आहेत. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतानुसार प्रत्येक साधनास नाव, वर्णन व स्वीकारल्या जाणाऱ्या मूल्यांची रूपरेषा असते. २०२५ मध्ये त्यात साधन केवळ वाचते की काही नष्टही करू शकते, तीच आज्ञा दोनदा दिल्यास अधिक परिणाम होतो का, यांसारख्या खुणांची भर पडली. खूण दिलेली नसल्यास साधन विध्वंसक असू शकते असे धरावयाचे, हा त्यातील नियम शहाणपणाचा आहे. अनोळखी स्रोताकडून आलेल्या खुणांवर विश्वास ठेवू नये, असेही हा संकेत बजावतो. कारण साधनाच्या वर्णनातच एजंटाला भलतीकडे वळविणारी सूचना दडविता येते.

वर्णन किती लांब असावे याबाबत एकमत नाही. सर्व काही एकत्र लिहिले, तर दीर्घ मजकुराच्या मध्यभागी असलेली माहिती प्रतिमानांकडून दुर्लक्षिली जाते, असे २०२३ मधील एका अभ्यासात आढळून आले. म्हणून थोडक्यात वर्णन, एक पूर्ण उदाहरण आणि अधिक तपशील कोठे आहे याची सूचना, अशी उतरंड बहुधा पसंत केली जाते. आवृत्तीचा उल्लेख मात्र वगळता येत नाही. ‘मूव्हीपाय’ या पायथन भाषेतील संकलन-संग्रहाच्या २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तुकडा काढणाऱ्या विधीचे नाव ‘सबक्लिप’ऐवजी ‘सबक्लिप्ड’ झाले व अनेक विधींची नावे त्याच धर्तीवर बदलली. प्रतिमानांनी जुनी उदाहरणे हजारोंनी वाचलेली असल्याने ती पूर्वीचीच नावे लिहीत राहतात. नवी नावे देऊन काम भागत नाही. ‘अमुक नाव आता चालत नाही’ असे जुन्या नावासह लिहावे लागते.

संकलनविवेकाची मर्यादा : ध्वनी पाहून आपोआप छेद देणे हे स्वयंचलित संकलनाचे लोकप्रिय काम आहे. एफएफएमपेगमधील ‘सायलेन्सडिटेक्ट’ ही गाळणी, वेगळे न सांगितल्यास, उणे ६० डेसिबेलपेक्षा कमी आवाज दोन सेकंद टिकल्यास त्यास शांतता मानते. ती केवळ आरंभ व शेवट कळविते, काही कापत नाही. ‘सायलेन्सरिमूव्ह’ ही दुसरी गाळणी शांतता काढून टाकते, परंतु फक्त ध्वनीतून. चित्राची लांबी तशीच राहते आणि दोहोंचा मेळ बिघडतो. नावे इतकी सारखी असल्यामुळे हा भेद दोन्हींच्या वर्णनात लिहावा लागतो. याहून महत्त्वाचे असे, की येथे शांतता म्हणजे ठराविक पातळीखालचा आवाज एवढेच अभिप्रेत असते. फाळणीविषयी बोलताना थांबलेला साक्षीदार आणि पुढचा प्रश्न वाचण्यासाठी थांबलेला मुलाखतकार, दोघांचे दोन सेकंद साधनास सारखेच. मौखिक इतिहास, न्यायालयीन जबाब आणि वृत्तांकन यांसाठी तयार केलेल्या दस्तऐवजांत म्हणून शोधण्याचे साधन आणि कापण्याचे साधन वेगवेगळे ठेवून, सुचविलेले छेद आधी संकलन-निर्णय सूचीच्या रूपात लिहावेत आणि संकलकाने ती वाचून मान्य केल्यावरच पुढील आज्ञा द्यावी, अशी तरतूद करता येते.